वीतभर आखूड

"बाथरूममधून बोलतेयस का?" दादाने विचारलं.

मी हॉलमध्ये उभी होते. म्हणजे सकाळपर्यंत ज्याला हॉल म्हणत होतो त्या जागेत. इमारत रिडेव्हलपमेंटला गेली, टेम्पो दुपारी चारला निघून गेला, आणि विजेच्या मीटरचा फोटो काढून किल्ली सेक्रेटरींकडे द्यायची तेवढी बाकी होती म्हणून मी मागे थांबले होते. कपाटं हलवल्यावर भिंतीवर जुन्या रंगाचे उभे चौकोन उघडे पडले होते, लादीवर सोफ्याच्या पायांचे चार डाग होते, आणि कोपऱ्यात एक झिजलेली केरसुणी होती. बडोद्याहून दादाचा फोन आला. सामान नीट गेलं का, काही फुटलं का, असं विचारता विचारता मध्येच त्याने हा प्रश्न टाकला. "परकाच वाटतोय गं तुझा आवाज. प्रतिध्वनी येतोय नुसता." मी म्हटलं, "प्रतिध्वनी नाही, निनाद. प्रतिध्वनीला समोरची भिंत १७ मीटर तरी लांब लागते, आपला हॉल पाच मीटरसुद्धा नाही." त्यावर तो "बरं बाई" म्हणाला. बत्तीस वर्षं अकरावीला भौतिकशास्त्र शिकवलेल्या बहिणीला भाऊ दुसरं काय म्हणणार. पण फोन ठेवल्यावर ते 'परका' कानात राहिलं. ज्या घरात चाळीस वर्षं राहिले, आई-बाबा दोघांचं आजारपण काढलं, त्या घरात माझा आवाज परका.

मी टाळी वाजवून पाहिली. टाळी संपली आणि तिची शेपटी छताच्या कोपऱ्यात थरथरत राहिली. दुसरी वाजवली. मग पर्समध्ये विजेच्या बिलाचा लिफाफा होता, त्याच्या पाठीवर हिशोब मांडला. सवय. साडेचार मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच, म्हणजे ४० घनमीटर हवा. तिला ०.१६१ ने गुणायचं आणि खोलीच्या एकूण शोषणाने, म्हणजे खोली किती आवाज गिळते त्याने, भागायचं, की आवाज त्याच्या दहालाखाव्या हिश्शापर्यंत विझायला किती सेकंद लागतील ते मिळतं. गिलावा, स्लॅब, मोझॅकची लादी ही मंडळी मोठी हट्टी. अंगावर आलेल्या आवाजातला शंभरातला दोन-तीन हिस्सा ठेवून घेतात, बाकी जसाच्या तसा परत करतात. उत्तर आलं तीन सेकंद. हे सूत्र मोठ्या सभागृहांसाठीचं, एवढ्याशा खोलीत ते इतकं काटेकोर चालत नाही, हे मीच मुलांना बजावत आले. तरी तीन सेकंद. सामानाने भरलेल्या घरात हाच आकडा अर्ध्या सेकंदाच्या आसपास असतो. दादा पन्नास वर्षं जो आवाज ऐकत आला तो एकट्या माझ्या गळ्याचा नव्हताच. त्यात सोफा होता, पडदे होते, दोरीवरचे कपडे होते, पलंगाची गादी होती. ते सगळं टेम्पोत बसून गेलं आणि मागे नुसता गळा उरला.

मग मी खिडकी उघडली. जुनी, दोन झडपांची, पावणेदोन चौरस मीटरची. टाळी वाजवली. शेपटी निम्मी झाली.

उघडी खिडकी हे आवाज गिळण्याचं पहिलं माप. बाहेर गेलेला आवाज परत येत नाही, म्हणून तिचं शोषण पूर्ण धरायचं. हे माप वॉलेस सॅबाइन नावाच्या हार्वर्डमधल्या माणसाने वापरात आणलं, आणि वरचं सूत्रही त्याचंच. या सॅबाइनवर माझा जीव आहे. १८९५ साली तो सत्ताविशीचा होता. विद्यापीठाने फॉग म्युझियममध्ये नवं व्याख्यानगृह बांधलं आणि तिथे कुणाचं बोलणंच कळेना. एक शब्द साडेपाच सेकंद रेंगाळायचा, तोवर वक्त्याची पुढची बारा-पंधरा अक्षरं त्याच्यावर येऊन पडायची. 'बघा जरा याचं काय करता येतंय' म्हणून ते काम या तरुणाच्या गळ्यात घातलं. त्याने काय केलं, तर शेजारच्या सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणल्या. रस्ते शांत झाले की ऑर्गनची एक नळी वाजवायची, सेकंदाला ५१२ कंपनांची, बंद करायची, आणि आवाज कानाला ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. मग आणखी थोड्या गाद्या, पुन्हा नळी. पहाटे सगळ्या गाद्या परत. आमच्या प्रयोगशाळेत नादकाट्यांच्या पेटीतला शेवटचा, सगळ्यात आखूड काटा ५१२चाच असायचा. तो रबरी ठोकळ्यावर आपटून मुलांच्या हातात देताना मी ही गाद्यांची गोष्ट सांगायचे, आणि मागच्या बाकावरून कुणीतरी "मॅडम, गाद्यांवर झोपायचा नाही का तो?" असं हमखास विचारायचं.

पण मला त्याची आवडते ती दुसरीच गोष्ट. हजारो निरीक्षणं झाल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपल्या अंगावरचे कपडेही आवाज गिळतायत. एके दिवशी जाड कोट, एके दिवशी पातळ, आणि आकड्यात फरक. त्याने ती सगळी वही बाजूला टाकली आणि पुन्हा सुरुवात केली, रोज तेच कपडे घालून. कुठला कोट, कुठली विजार, कुठले बूट, हे त्याने शास्त्रीय निबंधात लिहून ठेवलंय. पुढे त्याच्या सल्ल्याने बांधलेलं बॉस्टनचं सिंफनी हॉल १९०० साली उघडलं, ते आजही नावाजलं जातं. मला मात्र आठवतो तो मध्यरात्री रिकाम्या सभागृहात, स्वतःच्याच कोटाकडे संशयाने बघणारा माणूस.

मी त्या संध्याकाळी संशयाने बघत होते ते माझ्याच एका सौद्याकडे. आदल्या आठवड्यात बोहारीण आली होती. माळ्यावरच्या सात गोधड्या मी तिच्यापुढे ठेवल्या. तिने वरची उलटून पाहिली, कडेचा टाका नखाने खरवडला आणि म्हणाली, "गोधडी चालत नाही ओ ताई. सोबत साड्या द्या." मी दोन साड्या दिल्या. तीन दिल्या. शेवटी एका स्टीलच्या पातेल्यावर तुटलं. आजीची नऊवारी लुगडी, बाबांची धोतरं, दादाची शाळेची खाकी चड्डीसुद्धा एका गोधडीच्या पोटात होती, आणि वरून आईचा धावदोरा, एकसारखा, तांदळाएवढा. पातेलं दोन लिटरचं आहे. दूध तापवायला बरं पडतं.

खरं सांगायचं तर घर घुमण्याचा दोष गोधड्यांना देणं चुकीचंच. घडी घालून माळ्यावर, बंद दाराआड ठेवलेली गोधडी हॉलमधला आवाज काय गिळणार? आवाजाला आत शिरायला तोंड हवं. हे शिकवायचं असलं की मी मुलांना रुमालाची चार पदरी घडी तोंडाला लावून फुंकर घालायला सांगायचे. फुंकर आत जाते, पण अडखळत जाते. ते अडखळणं म्हणजेच आवाजाचं मरण. लाट म्हणजे हवेचा पुढेमागे होणारा झोका. तो धाग्याधाग्यांमधल्या बोळांत शिरला की प्रत्येक धाग्याला घासतो. दाबली गेलेली हवा कणभर तापते, ती ऊब धागे काढून घेतात. असं येता-जाता घासून, ऊब देऊन तो झोका संपतो. बोळ फार रुंद असले तर हवा न घासता आरपार जाते, फार अरुंद असले तर आत शिरतच नाही, दारावरूनच परत. कापसाच्या जुन्या कपड्यांचे सैल थर या दोन्हींच्या मधले. पुस्तकात याला सच्छिद्र शोषक म्हणतात. लोक म्हणतात ना, जुन्या घरात भिंतींनी सगळं ऐकून ठेवलेलं असतं, त्यावर माझा विश्वास नाही. भिंती काही ठेवत नाहीत, त्या परत करतात. गोधडी घेते, पण तीही ठेवत नाही, उष्णता करून टाकते. तीही किती, तर साध्या बोलण्याची ताकद वॅटच्या लाखाव्या भागाच्या घरातली. लाखभर माणसं एकदम बोलली तर जेमतेम एक वॅट. अख्ख्या आयुष्याच्या गप्पांनी गोधडी कुणाला उबदार लागलेली नाही.

आणि छिद्रं असून भागत नाही, ती एकमेकांना जोडलेली लागतात. आमच्या खालच्या मजल्यावरचा मुलगा तबला शिकायचा. शेजाऱ्यांच्या तक्रारी आल्या तेव्हा त्याने खोलीच्या भिंतींना थर्माकोल आणि अंड्यांचे ट्रे चिकटवले आणि मला मोठ्या अभिमानाने बघायला बोलावलं. थर्माकोलमध्ये बुडबुडेच बुडबुडे असतात, पण प्रत्येक बुडबुडा आपापल्या घरात दार लावून बसलेला. हवा आत जाणार कशी? आणि आत आवाज घुमू न देणं वेगळं, बाहेर जाऊ न देणं वेगळं. दुसऱ्याला वजन लागतं, जाड भिंत लागते. मी त्याला म्हटलं, बाळा, हे सगळं काढ आणि आधी ती दाराखालची फट बुजव. बोटभर फट असली तर शिसवी दारही फुकट. त्याने फट बुजवली, दारावर आईची जाड रजई टांगली. मग वर आमच्याकडे चाटीची टणटण येईनाशी झाली. डग्ग्याचा घुमारा मात्र येत राहिला तो राहिलाच. तो जायचा नाही. वरच्या स्वराची लाट वीत-दीडवीत लांब, ती रजईच्या जाडीत अडकते. डग्ग्याची लाट तीन-साडेतीन मीटर लांब. त्यात भिंतीला टेकलेल्या हवेला हलायला जागाच नसते, ती जोरात हलते भिंतीपासून पाव लाटेवर, म्हणजे पाऊण-एक मीटर पुढे. तिथे कुठे असते रजई?

हे त्या मुलाला समजावताना मी मध्येच थांबले होते, ते आठवतंय. कारण हे मला पुस्तकाच्या कितीतरी आधी माहीत होतं.

१९७४. आम्ही तेव्हा डोंबिवलीतच, पण चाळीत. दोन खोल्या, आतली स्वयंपाकाची, रात्री आई-बाबा तिथे झोपत. मधल्या चौकटीला दार नव्हतं. आईने तिथे गोधडी टांगली होती, हिरव्या लुगड्याची, चौकटीत खिळे ठोकून. दादा तेरा वर्षांचा, मी दहाची, आम्ही बाहेरच्या खोलीत जमिनीवर. बाबा रेल्वेत मालगोदामात कारकून. ८ मेपासून रेल्वेचा संप सुरू झाला. गाड्या थांबल्या. गाड्यांच्या आवाजात वाढलेल्या मुलांना ती शांतता किती विचित्र वाटायची ते कुणाला सांगून कळणार नाही. रात्री कुत्री भुंकायची तीसुद्धा लांबून ऐकू यायची. आणि गोधडीआडून आई-बाबांचं बोलणं.

बोलणं म्हणजे शब्द नव्हेत. बाबांचा घुं-घुं असा खालचा स्वर, मग थांबणं, मग आईचा थोडा वरचा, पण तोही गोळा झालेला. स, श, च, त ही अक्षरं वरच्या कंपनांत राहतात, सेकंदाला हजारोंच्या घरात. तीच आधी गोधडीत विरायची. खालचे सूर सुखरूप पार व्हायचे. त्यामुळे राग कळायचा, रागाचं कारण नाही. काळजी कळायची, कशाची ते नाही. एका रात्री, संप सुरू होऊन आठवडा झाला असेल, हे खूप वेळ चाललं. बाबांचा आवाज चढला, उतरला. मग बराच वेळ आईचा एकटीचा, एका पट्टीत, जवळजवळ ओवी म्हटल्यासारखा. मग काहीच नाही. सकाळी बाबांनी डबा मागितला आणि ते कामावर गेले. संप मोडून. संप एकूण वीस दिवस चालून संपला, पण आमच्याशेजारच्या बिऱ्हाडाने, ज्यांच्या घरचे तुरुंगात गेले होते, आमच्याशी बोलणं टाकलं ते दिवाळीपर्यंत. गणपतीत आरतीला बाबा खाली उतरले नाहीत. एवढंच. यावर घरात कधी चकार शब्द निघाला नाही.

मी मात्र पन्नास वर्षं त्या सुरांना शब्द लावत आले. आई 'जा' म्हणाली की 'जाऊ नका'? कॉलेजात असताना, जरा लाल पुस्तकं वाचायला लागले तेव्हा, मी ठरवून टाकलं होतं की तिनेच त्यांना पाठवलं, पोरांच्या तोंडाकडे बघून. त्याबद्दल मनातल्या मनात तिला दोषही दिला. पुढे स्वतः महिन्याचं दूध-किराणा बघायला लागल्यावर वाटू लागलं, तिनेच पाठवलं असेल तर बरंच केलं. मग बाबा गेल्यावर उलटंच वाटलं. ती 'जाऊ नका'च म्हणाली असणार, आणि त्यांनी ऐकलं नसणार, म्हणून ती नंतर इतकी गप्प. सूर तोच, तोच एका पट्टीतला. शब्द दर दहा वर्षांनी मी बदलत गेले.

एकदा विचारलं होतं तिला. तिची हाडं ठिसूळ झाली होती, ज्येष्ठ नागरिक संघाच्या हॉलमध्ये मोफत तपासणीचं शिबिर होतं. टाचेला जेल लावून एका यंत्रात पाय ठेवायचा, आणि कानाला ऐकू न येणारा आवाज टाचेच्या हाडातून आरपार सोडतात. हाडाच्या आत जाळी असते, जाळीत अस्थिमज्जा. निरोगी जाळीतून आवाज भरभर जातो आणि वाटेत चांगला झिजतो. जाळी विरळ झाली की सावकाश जातो, पण झिजतो कमी. अशा भिजलेल्या जाळीत एका धक्क्यातून दोन लाटा निघतात, एक जलद, एक संथ, हे मॉरिस बियो या अभ्यासकाने १९५६ साली गणिताने मांडलं, त्याचं लक्ष खरं तर तेलाने भिजलेल्या खडकांवर होतं. त्यातली संथ लाट प्रयोगात पकडायला १९८० उजाडलं. मला हे सगळं तिथे रांगेत उभ्या उभ्या आठवत होतं. आईने कागद पाहिला आणि म्हणाली, "म्हणजे आतून चाळण झाली म्हणायची." परतताना रिक्षात मी विचारलं, "आई, संपाच्या वेळी त्या रात्री तू बाबांना काय म्हणालीस गं?" रिक्षा फडफडत होती. तिचेही कान गेले होते, आणि म्हातारपणी वरचेच स्वर आधी जातात, म्हणजे माझं बोलणं तिला गोधडीआडून ऐकल्यासारखंच येत असणार. तिने माझ्याकडे बघून मान हलवली. "हो हो, घेतली सकाळची गोळी."

पुन्हा विचारलं नाही. तसं विचारता आलं असतं, रिक्षा काय दिवसभर नव्हती.

भाड्याच्या घरात आता तीन आठवडे झाले. इथे घुमत नाही. खोक्यांचा, पुस्तकांचा, न लावलेल्या गाद्यांचा ढीग आहे, सॅबाइन खूश झाला असता. आठवी गोधडी सापडली. टेम्पोवाल्या पोरांनी ती आरशाच्या कपाटाला गुंडाळली होती, सुतळीने आवळून. हिरवी. मला वाटलं होतं ती केव्हाच फाटून संपली. सुतळी सोडून मी ती उलगडली, तोंडाशी धरली आणि फुंकर घातली. गेली, अडखळत. नाकात धूळ. वरच्या कडेला खिळ्यांची चार भोकं, गंजाचे डाग पडलेली.

रात्री मीच दादाला फोन केला आणि गोधडी मिळाल्याचं सांगितलं. मग म्हटलं, "तुला आठवतं का रे, त्या संपाच्या वेळी हिच्याआडून काही कळायचं नाही, नुसते सूर यायचे."

"तुला कळायचं नसेल," तो म्हणाला. "तू भिंतीकडे झोपायचीस. मी चौकटीशी. गोधडी खालून वीतभर आखूड होती की. मला सगळं ऐकू यायचं."

मी हातातली गोधडी खाली सोडून पाहिली. जमिनीला लागेना.

"मग त्या रात्री? आई काय म्हणाली? जा की जाऊ नका?"

"यातलं काहीच नाही. पाटल्यांचं चाललं होतं. आई म्हणत होती, माझ्या पाटल्या मोडा, दोन महिने निघतील. तेच तेच म्हणत होती, आणि बाबा हो म्हणेनात." तो जरा थांबला. "सकाळी ते गेले ना कामावर. पाटल्या मोडल्या नाहीत."

त्या पाटल्या माझ्याकडे आहेत, लॉकरमध्ये. आईच्या हातात शेवटपर्यंत होत्या. तू पन्नास वर्षांत हे मला का सांगितलं नाहीस, असं विचारायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्याने विचारलं, "ते राहू दे. तिथे भाडं किती पडतंय तुला? बिल्डर वेळेवर देतोय ना?"

मी आकडा सांगितला. आवाजाबद्दल या वेळी तो काहीच बोलला नाही.